दोन बोटं गेली, तर भरपाई किती? हिशोब कागदावर मांडून



यंदा आपल्या पानावर डिझेल, जाळी आणि वादळाचे इशारे सोडून एक वेगळा विषय घेतोय. लेख थोडा लांब आहे. एकदम वाचवला नाही तर सेव्ह करून ठेवा, आणि घरातला कोणी पोरगा कंपनीत कामाला असेल तर त्याला नक्की पाठवा.

१ जून ते ३१ जुलै बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. घरात बसून खायचं कोणाला परवडतं? म्हणून आपल्या संस्थेतल्या काही घरांतली तरणी पोरं त्या दोन महिन्यांत वापीला उतरून सिल्वासाला जातात. डोकमर्डीत चार-पाच जण मिळून एक खोली घेतात, ठेकेदारामार्फत कंपनीत लागतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला परत येऊन बोटीवर चढतात. हे काही नवं नाही. २०२५ च्या बंदीत असाच गेलेला आपला एक पोरगा दोन बोटं गमावून परत आला. वय २४. उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका प्रेस मशीनमध्ये मुळापासून गेली. अंगठ्याजवळचं बोट वाचलं, पण मधल्या पेरात वाकत नाही.

ठेकेदाराने दवाखान्याचं बिल भरलं, वर चाळीस हजार देऊ केले आणि एक कागद पुढे केला. कागदावर लिहिलं होतं की सर्व रक्कम मिळाली, पुढे कसलीही तक्रार नाही. पोराच्या आईने सही करू दिली नाही. म्हणाली, "आधी संस्थेत विचारून येते." त्या माऊलीमुळे आम्ही हा सगळा हिशोब शिकलो. तोच इथे मांडतोय.

कायदा कुठला?

कामावर जखम झाली तर भरपाई देण्याचा आपल्याकडचा कायदा १९२३ सालचा. आधी त्याचं नाव कामगार नुकसानभरपाई कायदा होतं, २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा विषय तिच्यात गेला. पण अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर हिशोब जुन्या कायद्यानेच. आपल्या पोराचा अपघात २२ जुलै २०२५ चा, म्हणून खालचं सगळं जुन्या कायद्याप्रमाणे आहे. नव्या संहितेतही हिशोबाची रीत तीच ठेवली आहे: पगाराचे ६० टक्के, वयाचा गुणक आणि अपंगत्वाची टक्केवारी. किमान रक्कम आणि पगाराची मर्यादा मात्र आता केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं, म्हणून नव्या अपघाताला त्या वेळची अधिसूचना बघावी लागेल.

भरपाईसाठी मालकाची चूक दाखवावी लागत नाही. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, एवढं दाखवलं की पुरे. "पोराचंच लक्ष नव्हतं" हे ठेकेदाराचं नेहमीचं वाक्य आहे. लक्ष नसणं, घाई, सवयीने हात पुढे जाणं, यामुळे भरपाई बुडत नाही. तीन गोष्टींनी मात्र बुडू शकते: दारू किंवा नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडणं, आणि मशीनचं संरक्षक झाकण माहीत असून मुद्दाम काढणं. तेही मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर मालकाला पुढे करता येत नाही. बोटं गेली असतील तर करता येतं, म्हणून झाकण कोणी काढलं होतं, कोणाच्या सांगण्यावरून काढलं होतं, ते त्याच दिवशी सोबतच्या पोरांकडून लिहून घ्या. आपल्या केसमध्ये झाकण महिनाभर आधीपासूनच नव्हतं.

पहिला आकडा: महिन्याचा पगार

हिशोबात तीन आकडे लागतात. सगळ्यात जास्त भांडण पहिल्यावर होतं.

वर्षभर सलग काम केलं असेल तर सोपं आहे. मागच्या बारा महिन्यांच्या एकूण पगाराला बाराने भागायचं. पण बंदीतल्या पोराचे बारा महिने कुठून भरणार? त्याच्यासाठी कायद्यात वेगळी रीत आहे. अपघाताच्या आधी सलग जितके दिवस नोकरी झाली, त्या काळात मिळालेल्या एकूण मजुरीला ३० ने गुणायचं आणि त्या दिवसांनी भागायचं.

आपला पोरगा ३ जूनला लागला, २२ जुलैला अपघात. म्हणजे आधीचे ४९ दिवस. हजेरी ४४ दिवसांची, रोज ४९० रुपये. एकूण मजुरी २१,५६० रुपये.

२१,५६० × ३० ÷ ४९ = १३,२०० रुपये महिना.

ठेकेदार म्हणत होता, "कसला महिन्याचा पगार? तो रोजंदारीवर होता." रोजंदारी असली म्हणून काही बिघडत नाही. आणि नोकरीला महिनाही झाला नसेल तर? तर त्याच मालकाकडे तेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाची महिन्याची सरासरी कमाई धरतात. तसा कोणी नसेल तर त्या भागात तसंच काम करणाऱ्याची. म्हणजे पहिल्याच आठवड्यात हात गेला तरी हक्क आहेच.

मजुरी म्हणजे फक्त हातात पडलेली रोकड नाही. मालकाने दिलेली खोली, जेवण अशी जी सवलत पैशात मोजता येते, तीही मजुरीत धरता येते. प्रवासभत्ता आणि पीएफमधला मालकाचा हिस्सा मात्र धरत नाहीत. आम्ही पोराच्या जेवणाचे पैसे धरले नाहीत, कारण डोकमर्डीची खोली आणि डबा तो स्वतःच्या खिशातूनच भरत होता.

एक मर्यादा लक्षात ठेवा. पगार कितीही असला तरी हिशोबासाठी महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे, त्याआधी ८,००० होती. आमचं मत विचाराल तर १५,००० हाही आजच्या मानाने कमीच आहे. बावीस हजार कमावणाऱ्या फिटरचा हातही कायद्याच्या लेखी पंधरा हजाराचाच. पण आहे ते असं आहे.

दुसरा आकडा: वयाचा गुणक

कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात प्रत्येक वयासाठी एक गुणक छापलेला आहे. वय कमी असेल तर गुणक मोठा, कारण पुढे कमावायची वर्षं जास्त. वय धरायचं ते अपघाताआधीच्या शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं. २० वर्षांना २२४.००, २४ ला २१८.४७, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ४५ ला १६९.४४, ५० ला १५३.०९, ६० ला ११७.४१. पासष्टच्या पुढे सगळ्यांना ९९.३७.

इथे घासाघीस होत नाही. जन्मतारखेचा दाखला लागतो, बस. आपल्याकडे गंमत अशी की आधारवर एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. ती आधीच सरळ करून घ्या, नाहीतर विमा कंपनीचा वकील त्याच्यावरच दोन तारखा घालवतो.

आता पूर्ण अपंगत्वाची रक्कम निघते. आंशिक अपंगत्व याच रकमेचा हिस्सा असतो, म्हणून आधी ही काढावी लागते.

१३,२०० चे ६० टक्के = ७,९२०
७,९२० × २१८.४७ = १७,३०,२८२ रुपये

हीच पूर्ण रक्कम १,४०,००० पेक्षा कमी निघाली तर किमान १,४०,००० धरायची. आजच्या मजुरीत कोणी एवढ्या खाली जात नाही, पण जुन्या केसमध्ये जाऊ शकतं.

वयाने किती फरक पडतो बघा. हीच मजुरी असलेला माणूस ४५ वर्षांचा असता तर पूर्ण रक्कम १३,४१,९६५ झाली असती.

तिसरा आकडा: टक्केवारी

खरी मेख इथे आहे.

पहिल्या परिशिष्टाच्या दुसऱ्या भागात कुठला अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के गेली असं धरायचं, त्याची यादीच दिली आहे. आपल्या कामाचे आकडे सांगतो. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, अंगठ्याचं शेवटचं पेर गेलं तर २०. अंगठ्याजवळचं बोट पूर्ण गेलं तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. पूर्ण पंजा गेला तर ६०. एक डोळा काढावा लागला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. डोळा जागेवर राहिला पण नजर गेली तर ३०. पायाचा अंगठा मुळापासून गेला तर १४. उजवा हात की डावा, असा फरक यादीत नाही. बोट पूर्ण न जाता पेर गेलं किंवा हाडाला धक्का न लागता नुसतं टोक छाटलं गेलं, तर त्याचेही वेगळे, कमी आकडे आहेत. म्हणून डॉक्टरांच्या कागदावर "बोटाला इजा" एवढंच लिहिलेलं चालत नाही. कुठल्या हाताचं, कुठलं बोट, कुठल्या पेरापासून आणि हाडासकट की नाही, हे सगळं यायला हवं. एक्स-रे जपून ठेवा.

आपल्या पोराची दोन बोटं गेली, म्हणजे २० टक्के.

१७,३०,२८२ चे २० टक्के = ३,४६,०५६ रुपये.

ठेकेदाराचे चाळीस हजार आठवतात ना?

पण इथेच थांबायचं नाही. यादीखाली एक टीप आहे, ती बरेच जण वाचतच नाहीत. अवयव जागेवर आहे पण त्याचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला असेल, तर तो अवयव गेलाच असं धरायचं. म्हणजे लाकडासारखं ताठ झालेलं, काहीच न धरणारं बोट हे गेलेलंच बोट. आपल्या पोराचं तिसरं बोट इतकं वाईट नाही, थोडंफार चालतं. यादीत न बसणाऱ्या अशा जखमेचं काय करायचं? तिथे डॉक्टर तपासून सांगतात की कमाईची क्षमता किती टक्के घटली. हाडांच्या डॉक्टरांनी त्या बोटासाठी ५ टक्के लिहून दिले. एकाच अपघातात जास्त जखमा झाल्या तर त्यांची बेरीज करतात. मात्र ती पूर्ण अपंगत्वाच्या रकमेपुढे जाऊ शकत नाही.

२० + ५ = २५ टक्के, म्हणजे ४,३२,५७१ रुपये.

त्या एका ताठ बोटाचे साधारण साडेशहाऐंशी हजार झाले. त्याच्या घरच्यांनी तर त्या बोटाबद्दल डॉक्टरांना विचारलंही नव्हतं, "वाचलं तेच नशीब" म्हणून.

दाखल्यावरचे टक्के आणि कमाईचे टक्के

सरकारी दवाखान्यात अपंगत्वाचा दाखला मिळतो. एसटीची सवलत, पेन्शन वगैरेसाठी तो लागतो. त्यावर शरीराच्या अपंगत्वाचे टक्के असतात. भरपाईच्या हिशोबात मात्र कमाईच्या क्षमतेचे टक्के लागतात. दोन्ही आकडे सारखे असतीलच असं नाही, आणि बहुतेक वेळा नसतात.

बोटीवरचंच उदाहरण घेऊ. समजा, ३८ वर्षांचा खलाशी आहे, महिना १२,००० रुपये. विंचमध्ये दोर अडकला, खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जात नाही. खांद्याची अशी जखम यादीत नाही. दाखल्यावर शरीराचं अपंगत्व १० टक्के लिहून आलं. त्या माणसाने तोच दाखला जोडला, तर हिशोब असा होईल: १२,००० चे ६० टक्के ७,२००, गुणिले १८९.५६, म्हणजे १३,६४,८३२. त्याचे १० टक्के १,३६,४८३. पण जाळं ओढणं, नांगर उचलणं, दोर गुंडाळणं, हे सगळं खांद्याचंच काम. डॉक्टरांनी त्याचं काम विचारून कमाईची घट २५ टक्के लिहिली, तर तीच रक्कम ३,४१,२०८ होते. जखम एकच, खांदा एकच, फरक दोन लाखांचा.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना नुसता हात दाखवू नका, काम सांगा. "मी खलाशी आहे, दिवसाला इतक्या वेळा जाळं ओढतो, हाताला इतकी पकड लागते" असं सांगा आणि कागदावर लिहून मागा. खोटं काही सांगू नका. उलटतपासणीला डॉक्टरांना उभं राहावं लागतं.

आंशिक म्हणून यादीत असलेली जखम माणसाच्या कामामुळे पूर्ण अपंगत्व ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी सांगितलं आहे. ओडिशातल्या जयपोर इथे १९६८ साली एका सिनेमागृहात नक्षीचं काम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. महिना १२० रुपये मिळवणारा माणूस. यादीप्रमाणे त्याचं अपंगत्व आंशिक होतं. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून ते पूर्ण अपंगत्वच, हे डिसेंबर १९७५ च्या निकालात मान्य झालं आणि ९,८०० रुपये भरपाई कायम राहिली. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हे त्या निकालाचं नाव. वकिलाला एवढं नाव सांगितलं तरी पुरेल. पुढे २००८ साली टँकर चालवणाऱ्या के. जनार्दन यांचा पाय गेल्याच्या खटल्यातही हीच वाट धरली: पायाशिवाय ड्रायव्हरकी नाही, म्हणून शंभर टक्के.

दोन बोटं गेलेल्या आपल्या पोराला शंभर टक्के मिळणार नाहीत, आणि तसं मागणंही बरोबर नाही. तो उद्या काहीतरी काम करू शकतो. पण पंजाच गेलेल्या खलाशाने ६० टक्क्यांवर सही करण्याआधी हा निकाल वकिलाला जरूर दाखवावा.

वरचे पैसे

जखम भरेपर्यंत घरी बसावं लागतं, त्याची भरपाई वेगळी. दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचे २५ टक्के, म्हणजे १३,२०० वर ३,३०० रुपये. उपचाराचा खर्च मालकाने बिलाप्रमाणे द्यायचा. मालकाने आधीच भरपाई म्हणून काही दिलं असेल तर ते शेवटच्या रकमेतून वजा होतं. औषधपाण्याचा खर्च वजा होत नाही. "दवाखान्यात सत्तर हजार घातले, ते यातून कापू" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज. सोलापूर जिल्ह्यातल्या विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्याज अपघाताच्या तारखेपासून मोजायचं, निकालाच्या तारखेपासून नाही. आपल्या पोराच्या ४,३२,५७१ वर हे महिन्याला साधारण ४,३२५ रुपये होतात. उशिराला योग्य कारण नसेल तर आयुक्त वर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही लावू शकतात.

"ठेकेदाराकडे जा" आणि "इथे सही कर"

कंपनी म्हणते पोरगा ठेकेदाराचा, ठेकेदार म्हणतो काम कंपनीचं. कायदा सांगतो की काम कंपनीच्या धंद्याचंच असेल, तर ठेकेदाराच्या माणसालाही भरपाई देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. मग कंपनीने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणून अर्जात दोघांचीही नावं टाका.

आणि तो सही मागणारा कागद? हक्क सोडून दिला असं लिहून घेतलेला करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रद्दबातल असतो. तडजोड करायचीच असेल तर कराराची नोंद आयुक्तांकडे व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त ती नोंद नाकारू शकतात. तरीही सही न करणंच बरं. रद्द ठरवायलाही वर्षं जातात.

२०१७ पासून कामाला लावतानाच माणसाला त्याच्या भरपाईच्या हक्काची माहिती लेखी द्यायची सक्ती मालकावर आहे. आमच्या पोरांपैकी एकालाही असा कागद मिळालेला आम्ही पाहिला नाही.

ईएसआय असेल तर रस्ता वेगळा

पगारातून ०.७५ टक्के ईएसआयची कपात होत असेल (महिना २१,००० पर्यंतच्या पगाराला ती लागू होते), तर वरचा दावा करता येत नाही. त्याऐवजी ईएसआय महामंडळ दर महिन्याला पेन्शनसारखी रक्कम देतं, आणि तीही आयुष्यभर. हिशोब साधारण असा: रोजच्या सरासरी पगाराचे ९० टक्के, त्याला अपंगत्वाची टक्केवारी. आपल्या पोराला ईएसआय असतं तर ४४० चे ९० टक्के ३९६, त्याचे २५ टक्के ९९ रुपये रोज, म्हणजे महिन्याला तीन हजाराच्या आसपास. तरण्या पोराला हा सौदा एकरकमी पैशापेक्षा वाईट नाही. आधी पगाराची पावती बघा. त्याच्या पावतीवर कपात नव्हती.

अर्ज कुठे करायचा?

हे ऐकून पोराच्या आईचा निम्मा ताण गेला. अपघात दादरा नगर हवेलीत झाला म्हणून प्रत्येक तारखेला सिल्वासाला जायची गरज नाही. जिथे अपघात झाला तिथे, दावा करणारा जिथे राहतो तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथे, तिन्हीपैकी कुठेही कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात हे काम न्यायाधीशच बघतात. म्हणून आपण आपल्या जिल्ह्यातच अर्ज दिला. अपिलासाठी दादरा नगर हवेलीलाही मुंबई उच्च न्यायालयच आहे. मालकाला अपील करायचं असेल तर आधी पूर्ण रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते, ही कायद्यातली आम्हाला सगळ्यात आवडलेली ओळ.

मुदत अपघातापासून दोन वर्षं. मालकाला लेखी कळवायचं ते लवकरात लवकर. व्हॉट्सॲपवर कळवलं असेल तर स्क्रीनशॉट ठेवा, पण रजिस्टर पोस्टाने एक पत्र जाऊ द्याच. दवाखान्यातल्या पहिल्या केसपेपरवर अपघात कुठे आणि कसा झाला असं लिहिलंय, ते तिथेच उभं राहून वाचा. आपल्या केसमध्ये सोबत आलेल्या ठेकेदाराच्या माणसाने "खोलीवर पडला" असं सांगायचा प्रयत्न केला होता. खोलीतल्या मित्राने ऐकलं आणि जागेवरच दुरुस्त करून घेतलं, म्हणून बरं. नाहीतर सगळा हिशोब तिथेच संपला असता.

कामावर जाता-येता अपघात झाला तर? पूर्वी यात फार माणसं अडकायची. १९५२ साली पोरबंदरजवळ मिठागरावरचे कामगार खाडी ओलांडताना नाव उलटून बुडाले, आणि १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हा कामातला अपघात नाही. आता वारं बदललंय. धाराशिवकडच्या साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटे ड्युटीवर जाताना वाटेत गेला. त्याच्या घरच्यांच्या बाजूने जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. नव्या संहितेतही येण्याजाण्याचा अपघात धरला आहे, फक्त वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसायला हवा.

नाखवा लोकांनो, आता तुमच्यासाठी

हे सगळं कंपन्यांचंच आहे असं समजून पुढे सरकू नका. जहाजाचा तांडेल, खलाशी आणि बाकीचा चालकवर्ग कायद्याच्या व्याख्येत सरळ येतो. "आमच्याकडे वाटा असतो, पगार नाही, म्हणून तो भागीदार" हे आपण सगळेच म्हणतो. पण बोट तुमची, डिझेल तुमचं, कधी निघायचं आणि कधी परतायचं हे तुम्ही ठरवता. मग त्या माणसाला भागीदार म्हणणं न्यायाधीशासमोर किती टिकेल, ते आपणच विचार करावा. वर खांद्याच्या उदाहरणात ३,४१,२०८ आले, ते एका नाखव्याच्या खिशातून जाणार असतील तर हंगामच बुडाला. म्हणून चालकवर्गाचा कर्मचारी भरपाई विमा काढा. हप्ता माणसांच्या संख्येवर आणि पगारावर ठरतो, आणि तो भरतानाच प्रत्येकाचा पगार किंवा वाट्याची सरासरी वहीत लिहा.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला सामूहिक अपघात विमा वेगळा आहे. त्यात १८ ते ७० वयाच्या मच्छीमाराला मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या आंशिक अपंगत्वाला अडीच लाख आणि दवाखान्याला २५,००० रुपये आहेत. हप्ता सरकार भरतं, मच्छीमाराला काही द्यावं लागत नाही. पण त्यातली अपंगत्वाची व्याख्या पॉलिसीत वेगळी लिहिलेली असते आणि ती भरपाई कायद्याच्या यादीशी जुळेलच असं नाही, म्हणून "अडीच लाखांचा विमा आहेच की" म्हणून नाखव्याने निर्धास्त राहू नये. ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांनी आधार, बँक पासबुक आणि वारसाची माहिती घेऊन संस्थेत यावं.

आपल्या पोराचा अर्ज दाखल झालाय. ठेकेदाराचं म्हणणं आलं आहे: हजेरी ४४ नव्हे, ३१ दिवसांची होती. त्या खोलीतल्या चौघांपैकी दोघांच्या फोनमध्ये रोजच्या हजेरीचे फोटो आहेत, ते आम्ही मागवले आहेत. त्या बंदीत डोकमर्डीत राहिलेल्या आणखी कोणाकडे असे फोटो किंवा ठेकेदाराची पगाराची चिठ्ठी असेल, तर रविवारी सकाळी संस्थेच्या कार्यालयात आणून द्या.